साळसूराच्या वडिलांचं काय झालं

साळसूराचे वडील तिसऱ्या अंकात वारले होते, चौथ्या अंकात जेवायला बसले होते आणि पाचव्या अंकात साळसूर त्यांच्या फोटोपुढे ढसाढसा रडत होता. शोधकबाईंनी तिन्ही अंक टेबलावर शेजारी शेजारी मांडले, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले. चौथ्या अंकात वडील जेवतच होते. आमटी वाढून घेत होते.

शोधकबाई त्या प्रकाशन संस्थेत एकोणीस वर्षे मुद्रिते तपासत होत्या, म्हणून शोधकबाई. त्यांनी काढलेल्या हजारो चुका कुणाच्या लक्षात नव्हत्या आणि त्यांच्या हातून सुटलेली एकमेव चूक सगळ्या कचेरीला तोंडपाठ होती. आता संस्थेच्या गाजलेल्या चित्रकथेला चाळीस वर्षे होत होती. त्यानिमित्त एक जाडजूड ग्रंथ निघणार होता आणि त्यावर 'संपादन' या शब्दापुढे पहिल्यांदाच शोधकबाईंचे नाव येणार होते. ग्रंथ तयार होता. एकच पान उरले होते, खलनायकाच्या पार्श्वभूमीचे.

"एका पानात बसवा," मालक म्हणाले होते. "कोण, कुठला, असा का झाला. शुक्रवारी पाच वाजता छपाईला जायचंय."

साळसूर हा अर्धा माणूस आणि अर्धा साळिंदर. संगणकाला हे नाव मान्य नव्हते. तो दर वेळी 'साळसूर' खोडून 'साळसूद' करायचा, आणि "साळसूदाने अख्खे शहर पेटवून दिले" असली वाक्ये शोधकबाईंनी दोनशे चौदा ठिकाणी हाताने दुरुस्त केली होती. तो त्रास निदान कळण्यासारखा होता. पार्श्वभूमीचे तसे नव्हते.

चित्रपटात साळसूर हा प्राण्यांचा डॉक्टर होता. प्रयोगशाळेत स्फोट झाला, टेबलावरचे साळिंदर आणि डॉक्टर एकमेकांत मिसळले आणि डॉक्टरांच्या डाव्या अंगाला काटे फुटले. मालिकेत तो राजपुत्र होता आणि त्याला शाप होता. तिथे काटे कमरेखाली होते, त्यामुळे चारशे भागांत तो एकदाही सिंहासनावर बसला नाही. बालनाट्यात काटे फक्त पाठीवर होते, कारण तोंडाला काटे लावले की नटाला गाता येईना. सगळे अर्धे एकत्र केले तर तो पूर्ण साळिंदर होत होता. आणि मूळ चित्रकथेत पाहावे, तर वडील आमटी घेत होते.

शेवटी शोधकबाईंनी लेखकांनाच बोलावून घ्यायचे ठरवले. दप्तरात त्यांचे दोन पत्ते होते. जुना कुठला आणि नवा कुठला ते कळेना, म्हणून त्यांनी दोन्हींवर पत्रे धाडली.

लेखक शुक्रवारी सकाळी दहा वाजता आले. वय अठ्ठ्याहत्तर, पांढरा शर्ट, चहा बिनसाखरेचा.

"त्यात काय विचारायचंय?" ते म्हणाले. "डॉक्टर होता. स्फोट झाला. डावी बाजू. वडील तिसऱ्या अंकात गेले."

"पण चौथ्यात ते जेवतायत."

लेखकांचा चेहरा कडू झाला. "चौथ्या अंकाबद्दल मी बोलत नाही," म्हणाले, आणि कप तसाच ठेवून निघून गेले.

शोधकबाईंनी निम्मे पान लिहून काढले. बारा वाजता लेखक पुन्हा आले. या वेळी चौकड्यांचा शर्ट होता.

"काही विसरलात का?" बाईंनी विचारले.

"विसरायला आधी आलो कुठं होतो? तुमचं पत्र मिळालं, तसा आलो." त्यांनी चहात तीन चमचे साखर घातली. "लिहून घ्या. राजपुत्र होता. शाप मिळाला. कमरेखाली. आणि वडील जिवंत आहेत, खणखणीत."

"सकाळी तुम्ही म्हणालात की ते गेले."

"मी?" लेखक दुखावल्यासारखे झाले. "त्या माणसाला मी कधी मरू दिलं नाही, बाई. आठ वेळा मारला त्याला, आठही वेळा मी उठवून बसवला."

शोधकबाईंना वाईट वाटले. त्यांचे वडीलही शेवटी शेवटी असेच झाले होते. सकाळी जेवलेले दुपारी आठवायचे नाही. अशा माणसाला खोडून काढू नये हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. त्या मान डोलावत राहिल्या, त्यांनी लेखकांना मालकांच्या खोलीत पंख्याखाली बसवले आणि उरलेल्या निम्म्या पानावर शाप, राजपुत्र आणि खणखणीत वडील लिहून काढले.

आता एकाच पानावर डॉक्टर आणि राजपुत्र समोरासमोर आले होते. खाली नाव मात्र एकाच लेखकाचे होते. घड्याळात दोन वाजले होते. शोधकबाईंनी पेन उचलले आणि एकोणीस वर्षांत जे कधी केले नव्हते ते केले. मजकुरात स्वतःचे वाक्य घातले.

"वास्तविक, साळसूराला एक जुळा भाऊ होता."

सगळे जिथल्या तिथे बसले. एकाला स्फोट, दुसऱ्याला शाप. एकाची डावी बाजू, दुसऱ्याची कमर. वडिलांचे काय झाले हे मात्र नीटसे बसत नव्हते, पण एक भाऊ वडिलांना मेलेले धरून चालला आणि दुसरा धरेना, एवढे म्हटल्यावर तेही बसले. असे घरोघरी असतेच.

मालकांनी पान वाचले आणि खुर्चीतून उठलेच. "अहो बाई, हे इतकी वर्षं कुठं लपवून ठेवलं होतंत? हे आत कशाला, हे मुखपृष्ठावर जायला पाहिजे!" आणि बाई काही म्हणायच्या आत त्यांनी छापखान्याला फोन लावला. "हं, मुखपृष्ठ बदला. लाल पट्टी टाका. चाळीस वर्षांत प्रथमच! साळसूराच्या जुळ्या भावाचं रहस्य!"

पंख्याखाली बसलेल्या लेखकांचा कप बशीवर खडखडला. त्यांचा रंग उडाला होता.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारले.

"कुणी नाही. मी आपलं सोयीसाठी..."

"पाणी," लेखक म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

शोधकबाई घाबरल्या. त्यांनी दप्तरातला फोन नंबर फिरवला. पलीकडे लेखकांची सून होती.

"हे बघा, घाबरू नका," बाई म्हणाल्या, "पण बाबांना जरा बरं वाटत नाहीये. कुणीतरी न्यायला या."

"कुणाच्या बाबांना?"

"तुमच्या. इथे कचेरीत बसलेत."

"अहो, बाबा तर इथे आहेत. दाढी करतायत." सुनेने आत हाक मारली. "बाबा, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

मग फोनवर लेखक आले. पंख्याखालीही ते होतेच. शोधकबाईंनी फोन कानापासून जरा लांब धरून दोघांची खात्री करून घेतली.

"इथे कोणीतरी बसलंय," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्यासारखंच."

पलीकडे वस्तरा भांड्यात ठेवल्याचा आवाज आला. मग प्रश्न आला, "साखर किती घेतली?"

"तीन चमचे."

"मी येतोय."

अर्ध्या तासात पांढरा शर्ट दारात उभा होता, एका गालाला साबण तसाच. चौकड्यांच्या शर्टाने मान वर केली नाही. मालक एकदा इकडे पाहत होते, एकदा तिकडे. त्यांनी संस्था वडिलांकडून घेतली होती आणि वडिलांनी त्यांना सगळे सांगितले होते. हे तेवढे राहिले होते.

हकीकत तुकड्यातुकड्यांनी बाहेर आली. टोपणनाव एक, लिहिणारे दोन. विषम अंक थोरल्याचे, सम अंक धाकट्याचे. थोरला नऊ मिनिटांनी थोरला. सतराव्या अंकापासून बोलणे बंद, त्याला आता सदतीस वर्षे झाली. चित्रपटवाल्यांनी थोरल्याला गाठले, मालिकावाल्यांनी धाकट्याला. बालनाट्यवाल्यांनी कुणालाच विचारले नव्हते, आणि या एका बाबतीत दोघांनाही त्यांचा राग होता.

"त्यांना विचारा," पांढरा शर्ट शोधकबाईंना म्हणाला, "मी खलनायकाला पोरका करतो तो लोकांना त्याची दया यावी म्हणून. हे दर वेळी त्याचा बाप उठवून बसवतात. कशासाठी?"

शोधकबाईंनी दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या माणसाला हे विचारले.

"त्यांना सांगा," चौकड्यांचा शर्ट म्हणाला, "मला तो आवडायचा. आपल्या बाबांसारखा जेवायचा."

पांढऱ्या शर्टाने गालावरचा साबण हाताने पुसला. मग तो बाईंना मध्ये न घालता म्हणाला, "आमटी दोनदा घ्यायचा."

"तीनदा," धाकटा म्हणाला.

मालकांना भरून आले. त्यांनी लगबगीने पान पुढे केले. "आता हे वाचा. कसं अगदी जुळून आलंय बघा. फक्त सह्या करा."

दोघे भाऊ एकाच कागदावर वाकले. एकाच जागी दोघांच्या भुवया वर गेल्या.

"हे काय?" थोरला म्हणाला. "जुळा भाऊ?"

"काहीतरीच," धाकटा म्हणाला.

"काही सुचेनासं झालं की करतात असलं."

"वाचक हसतील. असं कुठं असतं का?"

"कोणी लिहिलंय हे?"

शोधकबाईंनी कबूल केले. दोन सारख्या चेहऱ्यांनी त्यांच्याकडे सारख्याच नाराजीने पाहिले. मालक म्हणाले की लाल पट्टी छापून होत आली आहे. भाऊ म्हणाले, मग फाडा. सदतीस वर्षांनी दोघांचे एका गोष्टीवर जमले होते, आणि ते मोडायची मालकांची छाती झाली नाही. पट्टी फाडण्यात आली.

पावणेपाच वाजले. नवे पान अजून कोरेच होते. आतल्या खोलीत दोघे मांडीला मांडी लावून बसले होते आणि डावी बाजू की कमर, यावर आवाज चढत चालला होता. शोधकबाईंनी पाच मिनिटे वाट पाहिली. मग एक ओळ लिहिली, तीनदा तपासली आणि पान छपाईला पाठवले.

"साळसूराच्या पार्श्वभूमीबाबत लेखकांचे एकमत नाही."

ग्रंथ वेळेवर निघाला. वाचकांनी 'लेखकांचे' हा आदरार्थी प्रयोग धरला आणि कुणी काही म्हटले नाही. अपवाद एकाच पत्राचा. ते महिन्याभराने आले. एका निवृत्त शिक्षकांनी लिहिले होते की एकट्या माणसाचे स्वतःशीच एकमत कसे नसेल, असले वाक्य छापलेच कसे, आणि या ग्रंथाला संपादक म्हणून कोणी आहे की नाही?

पाकिटावर 'संपादक' लिहून पुढे शोधकबाईंचे पूर्ण नाव घातले होते. मालकांनी पत्र वाचून कपाळाला आठ्या घातल्या. शोधकबाईंनी पत्र बाजूला ठेवले, पाकीट मात्र पुन्हा एकदा वाचले. नावातली एक वेलांटी चुकली होती. ती तेवढी त्यांनी तशीच राहू दिली.