बाळ बारमाही, फुलं एप्रिलात

शिकलेल्या माणसाला पंचांग चालत नाही आणि तो मोबाइलला विचारल्याशिवाय पाऊल उचलत नाही, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. कोन गावच्या कमळाबाई घरतांची आपल्या थोरल्याबद्दल, म्हणजे परेशबद्दल, हीच तक्रार होती. कमळाबाईंनी शाळा दुसरीत सोडली (मास्तरांनाच तिसरी येत नव्हती, असं त्या सांगतात), त्यामुळे कुठं कधी जावं हे त्यांना न शोधता कळायचं. लग्न असलं की लग्नाला, मयत असली की मयतीला, आणि लेक बाळंत व्हायची असली की लेकीकडे.

लेक रंजिता नेदरलँड्समध्ये नोकरीला. जानेवारीअखेर तिला दिवस भरत होते. पहिलं बाळंतपण माहेरचं; पण लेकीला विमानात बसायला डॉक्टरची बंदी. तेव्हा माहेरानंच उठून जायचं, इतकं साधं गणित. कमळाबाई डिंक कुटायलासुद्धा बसल्या.

परेश मात्र अभ्यासू. उलव्याला जमिनीची दलाली करतो, त्यामुळे कुठलीही जागा बघितल्याशिवाय आणि दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्यानं तत्काळ 'प्रेक्षणीय स्थळे व योग्य हंगाम समिती' नेमली. सदस्य दोन: स्वतः परेश आणि त्याचा रोडपालीचा मित्र कल्पेश. कल्पेशच्या दोन गाड्या शिर्डीला जातात, त्यामुळे परराष्ट्र धोरण त्याच्याकडे आपसूकच आलं.

समितीनं अकरा व्हिडिओ बघून काढलेले निष्कर्ष असे. जानेवारी बाद. ट्युलिप जमिनीखाली झोपलेले असतात आणि सूर्य पावणेनऊला उगवून पाचच्या आत मावळतो (आपल्या कचेऱ्यांत याला ओव्हरटाइम म्हणतात). फेब्रुवारी तसाच, वर गावच्या हळदी. मार्चात फुलं येतात, पण मनापासून नाही. मेमध्ये ती कापतात. उरला एप्रिल. एप्रिलात कोनमध्ये एकोणीस हळदी होत्या, आणि ज्यानं दुसऱ्याची हळद चुकवली त्याच्या हळदीला मांडवात फक्त खांब येतात. पण देश बघण्याच्या कर्तव्यापुढे परेश एकोणीसच्या एकोणीस हळदींवर पाणी सोडायला तयार झाला. इतका त्याग गावानं पाहिला नव्हता.

मग स्थळांना दहापैकी गुण पडले. ट्युलिपच्या बागेला दहा. पवनचक्क्यांना नऊ. चीजला सात. कालव्यांना चार, कारण 'गाढी नदीला पूर आला की आपल्याकडे कालवे घरात येतात,' असं कल्पेशचं मत पडलं. बाळाला दोन. शेरा: 'बारमाही उपलब्ध. प्रवेश मोफत. फोटोला मागे काही नाही.'

"बाळ काय आई, कधीपण बगता येईल," परेश समजावणीच्या सुरात म्हणाला. "फुलं वर्षातून एकदाच!"

कमळाबाईंनी डिंकावर बत्ता असा घातला की कल्पेशनं पाय वर घेतले.

तरीही समिती हट्टी नव्हती. दोन्ही पक्षांचं समाधान व्हावं म्हणून रविवारी सगळ्यांदेखत रंजिताला व्हिडिओ कॉल लावण्यात आला.

"रंजू, जरा डॉक्टरला विचार ना," परेश म्हणाला. "एप्रिलपर्यंत ओढता येईल का?"

पलीकडून रंजिता म्हणाली, "दादा, बाळ आहे ते. सातबाऱ्यातला फेरफार नाही, पुढची तारीख घ्यायला."

"मग फुलंच लवकर येतात का, तेवढं विचार," कल्पेशनं मागून तडजोड सुचवली.

(वाचकहो, हसू नका. नेदरलँड्स म्हटल्याबरोबर तुम्हीही मनात एप्रिलच धरला होता. काहींनी तर रजेचा अर्जसुद्धा लिहून पाहिला.)

परेशची बायको हेतल तेवढ्यात आतून आली आणि सासूच्या हातात एक कागद देऊन परत गेली. कमळाबाईंनी तो उलटा धरला, सुलटा केला, पदर खोचला आणि लेकापुढे उभ्या राहिल्या.

"ह्यो माजा तिकीट. जानेवारीचा. तुमी फुला बगत व्हतात तवा मी हेतलबरोबर जाऊन व्हिसाला बोटांचं ठसं पन देऊन आली. आता आयक परेश. तू जल्मलास तवा भर आखाड व्हता. रस्ता नाय, लाइट नाय, नि बगन्यासारका तर कायच नव्हता. तुजा थोबाड तवा पन असाच व्हता. तरी माजी आय गुडघाभर चिखल तुडवत आली नि दोन म्हैने तुलाच बगत बसली. तू जा एप्रिलात, खुशाल जा. बाळाला मी सांगून ठेवीन, रडू नको रं, तुजा मामा सीझनला येनार हाय."