साडेचार किलोमीटर, हाकेच्या अंतरावर

१९९७ सालच्या जून महिन्यात नाशिकच्या ग्रामसंपर्क सुविधा कक्षात इंग्रजी सुधार पंधरवडा पाळण्यात आला, आणि तेव्हापासून त्या कचेरीत अंतर किलोमीटरमध्ये लिहिणे हलक्या दर्जाचे मानले जाऊ लागले. साहेब नुकतेच मुंबईहून प्रशिक्षण घेऊन परतले होते. "आकडा काय, रस्त्याकडेच्या दगडावरही असतो," ते म्हणाले. "कर्मचाऱ्याच्या लेखणीत भाषा दिसली पाहिजे." लगोलग परिपत्रक निघाले. प्रत्येक अहवालात किमान एक इंग्रजी वाक्प्रचार असावा. नसल्यास तो का नाही, याचा खुलासा सोबत जोडावा.

आठवड्याभरात कचेरीचा नूर पालटला. शिपाई गोटीरामला चहा आणायला सांगितले, की तो "आय ॲम माइल्स अवे" म्हणून खिडकीबाहेर बघत बसे. हेडक्लार्क सुवर्णाताई अर्जदारांना "आर्म्स लेंग्थ, आर्म्स लेंग्थ" असे बजावून टेबलापासून हातभर लांब उभे करीत. एका गृहस्थाची फाइल तीन वर्षांत पहिल्या टेबलावरून दुसऱ्यावर सरकली होती. त्याला ताईंनी "यू हॅव कम अ लाँग वे" असे म्हणून बसायला खुर्ची दिली. त्याचे काम झाले नाही, पण बिचारा भारावून गेला.

मागे राहिला तो कनिष्ठ लिपिक सहादू. दहावीला इंग्रजीत छत्तीस मार्क मिळाले होते, तेही कुणाच्या पुण्याईने हे त्याला अजून उमगले नव्हते. त्यातच त्याच्या टेबलावर त्याच्याच गावाची, म्हणजे उंबरवाडीची, फाइल आली. गावाची मागणी एवढीच होती, की हायवेच्या फाट्यावरून जाणारी सकाळची बस गावापर्यंत यावी. नियमही सरळ होता. थांबा तीन किलोमीटरहून लांब असेल, तर बस द्यावी. फाटा होता साडेचार किलोमीटर. सहादू ते अंतर रोज सायकलने कापायचा, आणि त्याची आई गोजराबाई डोक्यावर मेथीच्या पन्नास जुड्यांची पाटी घेऊन चालत कापायची. असल्या बाबतीत चूक व्हायला वावच नव्हता.

त्याने "साडेचार किलोमीटर" असे लिहिले. साहेबांनी कागद परत पाठवला. समासात शेरा होता, "ड्राय."

मग सहादूने द्वारका चौकातल्या रद्दीवाल्याकडून तीस दिवसांत इंग्रजी शिकवणारे पुस्तक आणले. अंतराच्या पानावर त्याला "इन द मिडल ऑफ नोव्हेअर" सापडले आणि ते वाचून उंबरवाडी डोळ्यांपुढे उभी राहिली. पण सुवर्णाताईंनी डोळे वटारले.

"अरे, आपल्या हद्दीत असलं गाव आहे हे वर कळलं तर? साहेबांना तक्रारीचा सूर खपत नाही. जवळचं काहीतरी घे."

"पण ताई, गाव लांब आहे."

"गाव राहू दे लांब. बढतीची यादी शुक्रवारी लागतेय, ती किती जवळ आहे बघ."

जवळचे म्हणून "अ स्टोन्स थ्रो" निघाले. आपण हाकेच्या अंतरावर म्हणतो, तेच. सहादूने पेन दोनदा टोपणात घातले. तरी त्याने लिहिले, की उंबरवाडी इज अ स्टोन्स थ्रो फ्रॉम द बस स्टॉप.

साहेबांनी "एक्सलंट" असा शेरा दिला. शुक्रवारी सहादू वरिष्ठ लिपिक झाला. सोमवारी उंबरवाडीचा अर्ज निकाली निघाला. थांबा अत्यंत जवळ असल्याने बसची आवश्यकता दिसून येत नाही, असे पत्र गावाला गेले. खाली सही नव्या वरिष्ठ लिपिकाची होती.

पत्र गावात वाचले गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गोजराबाईने भरलेली पाटी लेकाच्या पायाशी ठेवली.

"उचल."

"आई, मला हापिसाला उशीर होईल."

"जवळच हाय की. तूच लिवलंय ना?"

सहादूने पाटी उचलली. फाट्यावर पोचेस्तोवर त्याची मान आखडली आणि तीन दिवस वळेना. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. आपली आई हे वीस वर्षे करते आहे आणि आपण तिला एका ओळीत उडवून लावले, हे त्याला रात्रंदिवस टोचू लागले. त्याने दुरुस्तीचा प्रस्ताव मांडला.

पण दुरुस्ती म्हणजे आधीचा अहवाल खोटा. खोटा म्हणजे चौकशी, आणि चौकशी म्हणजे बढती गेली. सुवर्णाताईंना त्याची दया आली. त्यांनी दुरुस्तीऐवजी फेरमोजणी मागवली, तीही "ॲज द क्रो फ्लाइज", म्हणजे कावळ्याच्या सरळ रेषेत. गाव नदीच्या एका तीरावर, फाटा दुसऱ्या तीरावर. पुलाचा वळसा काढून टाकताच अंतर आठशे मीटर भरले. पहिल्या अहवालाची अचूकता सिद्ध झाल्याबद्दल सहादूला प्रशस्तिपत्र मिळाले.

ते त्याने भीतभीत आईला दाखवले.

"कावळ्याचं बरं हाय," गोजराबाई म्हणाली. "त्याच्या डोक्यावर पाटी नसती."

पुढली सात वर्षे गावाने दरवर्षी अर्ज केला आणि कक्षाने दरवर्षी "सो निअर अँड येट सो फार" असे सहानुभूतीचे उत्तर पाठवले. मग २००४ साली नवे साहेब आले. हे जरा विचित्र गृहस्थ होते. ते जीपमध्ये बसले, स्वतः उंबरवाडीला गेले आणि जीपचा काटा बघून आले. "बस देतो," ते म्हणाले. "कुणाची चौकशीही लावत नाही. ग्रामसभेचा फक्त एका ओळीचा ठराव आणा, की आमचं गाव लांब आहे."

सहादू त्या दिवशी सायकलवर शीळ घालत गावी गेला.

ग्रामसभा खच्चून भरली होती. सहादूने ठराव वाचला.

"लांब?" सरपंच सावळीराम म्हणाले. "कोन लांब? सरकारनं इंग्रजीत लिवून दिलंय, जवळ हाय म्हणून. त्या कागदावर प्लॉटवाले येऊ राहिले. उद्या लांब झालो, तर गुंठ्याला कोन इचारंल?"

"माझ्या पोराची मालेगावला सोयरीक जुळती हाय," मागून गेणू ओरडला. "नाशकाला चिकटून घर हाय असं सांगितलंय. आता मोडू का?"

"आवं, पन बस!" गोजराबाई उठून उभी राहिली. "माझी मान बघा एकदा. ती सांगंल लांब का जवळ."

"आक्का, बस काय, आज ना उद्या येईल," सरपंच समजुतीने म्हणाले. "भाव गेला, तर नाय यायचा."

मतदान झाले. गाव जवळ आहे या बाजूने सगळे हात वर गेले. एक हात खाली राहिला, तो गोजराबाईचा. सहादूची रस्त्याकडेला सहा गुंठे जमीन होती. आईकडे न बघता त्यानेही हात वर केला. त्याला वाईट वाटले, खरंच वाटले. पण हात काही खाली आला नाही.

२००७ साली त्या सहा गुंठ्यांवर चार मजली इमारत उभी राहिली. गुळगुळीत कागदावर रंगीत माहितीपत्रक निघाले आणि त्यात हायवेपासूनचे अंतर इंग्रजीतच दिले होते. तीन आठवड्यांत बहुतेक फ्लॅट खपले. तिसऱ्या मजल्यावरचा, ज्याच्या बाल्कनीतून नदी दिसते, तो तुम्ही घेतलात.

आता स्कूटर बंद पडली, की तुम्ही सकाळी चालत फाट्याकडे निघता. खांद्यावर ऑफिसची बॅग आणि शर्ट पाठीला चिकटलेला. पुढे एक म्हातारी डोक्यावर पाटी घेऊन चाललेली असते. ती वळून विचारते, "लय लांब पडतं ना वो, भाऊ?"

तेवढ्यात तुमचा मोबाइल वाजतो. मेव्हण्याचा फोन असतो. तोही नाशकात फ्लॅट शोधतोय आणि तुमच्याकडचे कसे काय ते त्याला विचारायचे असते. तुम्ही थांबता, धाप आवरता, म्हातारी पुरेशी पुढे जाईपर्यंत वाट बघता, आणि म्हणता, "अरे, एकदम जवळ. आमच्या शेजारचा अजून रिकामा आहे, घेऊन टाक."