दुपारी दोनची झोप

संजना पगारेच्या डोक्याला इतकं तेल होतं, की डॉक्टर आशा गांगुर्डेंनी चिकटवलेली पहिली वायर घसरून तिच्या कानावर आली, दुसरी खांद्यावर आली आणि तिसरी सरळ कंपाउंडर भिकनच्या हातात परत पडली.

"आजी, डोक्याला तेल लावू नका, असं मी कागदावर लिहून दिलं होतं ना?"

"दिलं व्हतं की," संजनाची आजी धोंडाबाई म्हणाली. "पर डाक्टरकडं न्यायची पोर, कोरड्या डोक्यानं कशी आनायची? लोक म्हनतील, हिला आईबाप नाय का."

संजनाच्या आईनं, मीनानं, कपाळाला हात लावला. सकाळी ती धुणं वाळत घालायला गच्चीवर गेली तेवढ्या दहा मिनिटांत सासूबाईंनी अर्धी बाटली रिकामी केली होती.

ही २००३ सालची गोष्ट. सिडकोतल्या एका मेडिकल स्टोअरच्या वर डॉक्टर आशाबाईंचा दवाखाना होता आणि पाटीवर लिहिलं होतं, 'लहान मुलांचे श्वसन व निद्रा विकार तज्ज्ञ'. श्वसनापर्यंत लोकांना पटत होतं, कारण मुलांचा दमा घरोघरी होता. पण झोपेलाही डॉक्टर लागतो, हे काही गळी उतरत नव्हतं. पाटी लावल्यापासून तिघांनी झोपेच्या गोळ्या मागितल्या होत्या. एक गृहस्थ तर दहावीतल्या मुलाला घेऊन आले आणि म्हणाले, याची झोप मार्चपर्यंत कमी करून द्या.

संजना हा खरा पहिला पेशंट. वय आठ, इयत्ता तिसरी. पोरगी वर्गात बसल्या बसल्या झोपायची. आधी शिक्षा झाली, मग डोळ्यांना पाणी लावून झालं, शेवटी वर्गशिक्षिका म्हणाल्या, "मुलगी मंद आहे, हिला वेगळ्या शाळेत घाला. सोमवारी डॉक्टरांचा कागद आणा, नाहीतर दाखला घेऊन जा." मीनानं ते फार मनाला लावून घेतलं होतं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिनं दीड महिना एका वहीत रोज लिहून ठेवलं होतं, आज पोर झोपली, आज नाही झोपली. शिक्षण सातवीपर्यंत, पण एक दिवस चुकवला नव्हता.

आज शनिवार. झोपेची तपासणी करायचं मशीन आशाबाईंच्या मैत्रिणीनं पुण्याच्या हॉस्पिटलातून दोन दिवसांसाठी पाठवलं होतं आणि पाच वाजता जीप ते परत न्यायला येणार होती. म्हणजे संजनाला दोन वाजता झोपणं भाग होतं. त्यासाठी तिला आदल्या रात्री बारापर्यंत जागवलं होतं, पहाटे चारला उठवलं होतं आणि जेवणात पोटभर खिचडी-कढी घातली होती. आता फक्त तेल मधे आलं होतं.

"भिकन, शाम्पू," डॉक्टर म्हणाल्या.

शाम्पू खालच्या दुकानात मिळाला, गरम पाणी कुठंच मिळालं नाही. दवाखान्याच्या बेसिनमध्ये डिसेंबरच्या गार पाण्यानं संजनाचं डोकं तीनदा धुतलं. तिसऱ्यांदा पाणी पडल्यावर ती अशी टवटवीत झाली, की चारपासून जागी असलेली पोर ती हीच का, असा प्रश्न पडावा. मग केस वाळवायचे. पंख्याखाली बसवलं तर शिंका येऊ लागल्या. शिंका आल्या म्हणून धोंडाबाईनं पिशवीतून सुंठ काढली. सुंठ लागली तिखट, म्हणून संजना पाणी प्याली. पाणी प्याली म्हणून तिला दोनदा बाथरूमला न्यावं लागलं. तोवर तीन वाजले.

"चल बेटा, आता झोप," आशाबाई वायरी घेऊन आल्या.

संजनानं वायरींकडं पाहिलं आणि दोन्ही हातांनी डोकं झाकलं. "मला करंट बसेल."

"अजिबात नाही बसत."

"टीव्हीच्या वायरीचा बसतो."

तेव्हा कोपऱ्यातल्या बाकावरून सहादू उठला. सहादू म्हणजे संजनाचा बाप. अंबडच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर कामाला. या आठवड्यात त्याची तिसरी पाळी होती, सकाळी सुटल्यावर घरी टेकून न टेकून तो तसाच इथं आला होता. अंगानं दणकट, मान आखूड, डोक्यावर मोजून चार केस. "मला लावा मॅडम," तो म्हणाला. "तिला दिसू दे, बापाला काय होत नाय म्हणून. दोन मिन्टं."

कल्पना चांगली होती. भिकननं वायरी लावल्या आणि त्या टकलावर अशा चिकटल्या, की भिकनला भरून आलं. नाकापाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला चिमटा. सहादू संजनाच्या गोधडीवर आडवा झाला. "हे बघ, काय होतंय का? काय नाय. मस्त वाट..."

'वाटतंय'मधलं 'तंय' काही आलं नाही. तिसऱ्या पाळीचा माणूस, पोटात खिचडी आणि पाठीखाली गोधडी. तो झोपला.

झोपला आणि घोरू लागला. ते घोरणं कपाटाच्या काचांना कळलं. भिकन तोंडाला रुमाल लावून हसायला लागला. आशाबाईही हसल्या. "उठवा हो त्यांना," त्या मीनाला म्हणाल्या, "चार वाजत आले."

"थांबा वाईच," धोंडाबाई म्हणाली. "दमून आलाय. घोरतो, पर लय गाढ झोप हाय त्याची. बापावर गेलाय."

आणि घोरणं थांबलं.

आधी सगळ्यांना बरं वाटलं. मग आशाबाईंची नजर मशीनवर गेली. छातीचा पट्टा हलत होता, नळीत मात्र हवा नव्हती. ऑक्सिजनचा आकडा चौऱ्याण्णववर होता तो नव्वदवर आला, मग पंच्याऐंशी, मग एक्क्याऐंशी. मशीन ओरडायला लागलं. आशाबाईंनी धावत जाऊन कपाटातून ऑक्सिजनचा मास्क काढला. तो दोन वर्षांच्या मुलाचा निघाला, त्यावर ससा होता. दुसरा काढला, तो तान्ह्या बाळाचा. सगळा दवाखाना धुंडाळला असता तरी सहादूच्या तोंडाला बसेल असं त्यात काही नव्हतं. "पगारे! अहो पगारे!" त्या ओरडल्या. मीना रडू लागली आणि भिकन हातात ससा घेऊन उभा राहिला.

संजना स्टुलावरून उतरली. घाई नाही, गडबड नाही. बापापाशी गेली, त्याच्या बरगडीखाली दोन बोटं रुतवली आणि म्हणाली, "बाबा, घ्या."

सहादूनं थंडीतला टेम्पो सुरू व्हावा तसा श्वास घेतला. आकडा चढला, मशीन गप्प झालं. "झोपली का संजी?" तो डोळे न उघडताच म्हणाला, कुशीवर वळला आणि पुन्हा घोरू लागला.

संजना परत स्टुलावर येऊन बसली.

आशाबाई तिच्यासमोर खाली बसल्या. "संजना, हे तू घरीपण करतेस?"

"हो."

"रोज?"

"रोज नाही. बाबांची तिसरी पाळी असली की नाही. तेव्हा ते रात्री घरी नसतात."

आशाबाईंनी मीनाची वही मागून घेतली. दोन आठवडे पोर वर्गात झोपलेली, एक आठवडा ठणठणीत. परत दोन आठवडे झोपलेली, आणि हा चालू आठवडा ठणठणीत. दीड महिन्यात त्यांनी ही वही चारदा वाचली होती. टॉन्सिल, ॲलर्जी, थायरॉइड, सगळ्याचा विचार केला होता. बापाच्या पाळ्या विचारायचं मात्र सुचलं नव्हतं. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"अगं, मग मला का नाही उठवलं?" मीना म्हणाली.

"तू पाचला उठतेस. डबा असतो."

"आणि सांगितलं का नाहीस कुणाला?"

"कुणी विचारलंच नाही," संजना म्हणाली. "सगळे माझ्याच झोपेचं विचारत होते."

"पर तुला ह्ये शिकवलं कुनी?" धोंडाबाईनं विचारलं.

"तूच नाही का सांगत सगळ्यांना? आजोबा झोपेतच गेले, कुणाला कळलंसुद्धा नाही."

धोंडाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि ती खिडकीतून खालच्या रिक्षांकडं बघत राहिली. मग तिचं तिला सावरता आलं. "म्हंजी पोरीला काय नाय ना?"

"काही नाही. पोरगी हुशार आहे, तुमच्याआमच्यापेक्षा. शाळेचा कागद मी आत्ता लिहून देते. पण तुमच्या मुलाला सोमवारी मोठ्यांच्या डॉक्टरकडं न्यायचं, मी चिठ्ठी देते. आणि ते दाखवेपर्यंत कारखान्यात रजा. प्रेस मशीनवर डुलकी लागली तर हात जाईल."

"अन् पोरीला काय नाय, तर मंग थंडीचं डोकं कशाला धुतलं?"

आशाबाईंनी कागद ओढला आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

संजना मशीनकडं बघत होती. "श्वास थांबला की हे वाजतं?"

"वाजतं."

"दरवेळी?"

"दरवेळी. आणि मी इथंच बसलेय. वाजलं की मी उठवीन."

"दोन बोटं लावायची. एकानं नाही उठत."

"दोन बोटं," आशाबाईंनी कबूल केलं.

संजनानं जरा विचार केला. मग ती बापाच्या शेजारी गोधडीच्या मोकळ्या टोकावर आडवी झाली आणि दिवसभर शाम्पू, सुंठ आणि वायरी यांना न जमलेली गोष्ट अर्ध्या मिनिटात झाली.

पाच वाजता पुण्याच्या जीपचा ड्रायव्हर, लहानू, जिना चढून आला. "मॅडम, मशीन द्या. घाटात अंधार होईल."

आशाबाईंनी ओठावर बोट ठेवलं. "हळू. पेशंट झोपलाय."

लहानूनं पाहिलं. वायरी बापाला, नळी बापाला, चिमटा बापाच्या बोटाला. "पेशंट ह्ये का?"

"नाही. ती."

"तिला तर काहीच लावलं नाय."

"तिला झोप लागलीय," आशाबाई म्हणाल्या. "बसा थोडा वेळ."

मोठ्या शहरातले डॉक्टर काय काय करतात ते लहानूनं पाहिलेलं होतं. त्यानं जास्त विचारलं नाही. चपला काढून तो बाकावर टेकला, आणि पहाटेपासून गाडी हाकलेला माणूस, पाच मिनिटांत तोही घोरायला लागला. भिकन दचकला, मीना दचकली. आशाबाईंनी घाईनं संजनाकडं पाहिलं.

संजनानं फक्त कूस बदलली.