आत्याबाई आणि साहेबांचा डबा

चढावर इंजिन चालवावं तर ते मीच, असं मी त्या काळी कुणी न विचारताही सांगत असे. आमच्या कोळसा-लाइनवर वाफेचं एकच इंजिन होतं आणि ते चालवणारा मी एकटाच, त्यामुळे माझं म्हणणं खोडून काढायला कुणी नव्हतं.

इंजिनाला सगळे आत्याबाई म्हणत. ती येते आहे हे लांबूनच कळे, आली की सगळ्यांना बाजूला व्हावं लागे आणि गेल्यावरही बराच वेळ तिची कुरकुर ऐकू येई.

एक दिवस खाणीच्या मॅनेजरने मला बोलावलं. "उद्या हेड ऑफिसचे साहेब येताहेत. कोळशाच्या रिकाम्या वाघिणींची अख्खी माळ एका दमात चढवून दाखव. जमलं तर आत्याबाई राहील. नाहीतर ती भंगारात, आणि डिझेल येईल."

"आणि मी?"

"डिझेलबरोबर त्याचा ड्रायव्हरही येतो."

म्हणजे मी घरी. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्ही दिवसभर घरात बसणार असाल तर आधी सांगा. मी कुठेतरी नोकरी बघते."

आता आमची रीत सांगतो. चढाच्या पायथ्याशी पाण्याची टाकी आहे. आत्याबाई तिथे पाणी पिते. तेवढ्यात माझा मेव्हणा, तिथला साखळीवाला, माळेच्या मधली साखळी सोडतो, मागच्या वाघिणींच्या चाकांखाली लाकडी ठोकळे घालतो आणि हिरवं निशाण हलवतो. मी अर्ध्या वाघिणी वर नेऊन ठेवायच्या आणि परत येऊन उरलेल्या न्यायच्या. वर्षानुवर्षं हेच. पण अख्खी माळ आत्याबाईला झेपणार नाही, हे मला मान्य नव्हतं.

मेव्हण्याला मी चार वेळा बजावलं. "उद्या साखळीला हात लावायचा नाही."

"दाजी, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

दुसऱ्या दिवशी साहेब आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट. कोळशाच्या खाणीवर असा पोशाख करून येणारा माणूस एकतर फार मोठा असतो किंवा त्याला कुणी काही सांगितलेलं नसतं. त्यांचा डबा माळेच्या अगदी शेवटी जोडला. टाकीपाशी थांबलो, पाणी भरलं, हिरवं निशाण दिसलं, निघालो.

आणि काय सांगू! आत्याबाई अशी चढायला लागली, जणू माहेरी निघाली आहे. चढावर मी मागे बघत नाही. नजर वाफेच्या काट्यावर असावी लागते.

"बघ," मी भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमनला म्हणालो, "मागे अख्खी माळ आहे असं वाटतं तरी का?"

"अजिबात वाटत नाही, काका."

मला ती शाबासकी वाटली.

वर मॅनेजर ऑफिसातली सगळी माणसं घेऊन फुलांचा गुच्छ धरून उभे होते. मी इंजिनावरून असा उतरलो, जणू डोंगरच खांद्यावरून आणून ठेवला आहे.

"वा," मॅनेजर म्हणाले. "साहेब कुठे आहेत?"

"शेवटच्या डब्यात."

"शेवटचा डबा कुठे आहे?"

तेव्हा मी पहिल्यांदा मागे पाहिलं. अर्ध्या वाघिणी होत्या. त्यांच्यामागे नुसते रूळ, स्वच्छ आणि चकचकीत.

आत्याबाईला उलटं पळवत खाली आलो. मेव्हणा ठोकळ्यावर बसून चहा पीत होता.

"साखळी का सोडलीस?"

"मी नाही सोडली, दाजी. हाताने सोडली. मला विचारलंसुद्धा नाही."

"साहेब कुठे गेले?"

"ते उतरले. म्हणाले, गाडी किती वेळ थांबते? म्हटलं, इंजिन परत येईपर्यंत. मग म्हणाले, इंजिन गेलं कुठे? आता एवढ्या मोठ्या माणसाला काय सांगणार? म्हटलं, जवळची पायवाट आहे. गेले."

"ती वाट कोळशाच्या ढिगाऱ्यावरून जाते, हे सांगितलंस?"

"त्यांनी कुठे विचारलं?"

उरलेल्या वाघिणी आणि साहेबांचा डबा घेऊन मी पुन्हा चढ धरला. अर्ध्या वाटेत ढिगाऱ्यावर एक पांढरा ठिपका दिसला. साहेबांनी थांबावं म्हणून मी लांबलचक शिट्टी दिली. शिट्टी ऐकून माणूस थांबतो, असा माझा समज. साहेब पळाले. कोळशाच्या ढिगाऱ्यावर पळणारा माणूस वर जातच नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ठिपका घसरत खाली गेला आणि मग पांढरा राहिलाच नाही.

वर पोचलो. मी तोंड उघडायच्या आत मॅनेजरने डब्याचं दार उघडलं, मान झुकवली आणि सुरू केलं, "आपली पायधूळ आमच्या खाणीला लागली, हे आमचं भाग्य..."

आत साहेबांची छत्री होती. मॅनेजरने तिलाच गुच्छ दिला असता, पण तेवढ्यात मागून एक काळाकुट्ट माणूस धापा टाकत आला.

"ए, बाजूला हो," मॅनेजर त्याला म्हणाले. "साहेब यायचेत."

"आलेत," तो माणूस म्हणाला.

मॅनेजरने गुच्छ छत्रीशेजारी ठेवला आणि खुर्ची मागवली. साहेब खुर्चीवर बसून पाणी प्यायले. मी टोपी हातात घेऊन उभा होतो. मनाने मी घरी पोचलोही होतो आणि बायको नोकरीला निघाली होती.

"मी चालायला लागलो तेव्हा इंजिन कुठे होतं?" साहेबांनी विचारलं.

"वर, साहेब."

"म्हणजे ते खाली आलं, उरलेल्या वाघिणी घेऊन पुन्हा वर आलं, आणि तरी माझ्या आधी पोचलं?"

"हो, साहेब."

मॅनेजर मला झापायला पुढे सरसावले. साहेबांनी हात वर केला. "अर्ध्या-अर्ध्याने नेऊनही काम एवढं लवकर होत असेल, तर डिझेल कशाला? इंजिन राहू द्या."

माझी छाती फुगली.

"पण या गृहस्थांना मागे बघायची सवय नाही. इंजिनावर एक माणूस वाढवा, फक्त मागे बघायला. तो टाकीवरचा घ्या. त्याने मला इतक्या शांतपणे ढिगाऱ्यावर पाठवलं, त्याचं डोकं थंड आहे."

तेव्हापासून मेव्हणा आत्याबाईवर माझ्या पाठीशी उभा असतो, नवी टोपी घालून. मागे त्याने आजवर एकदाही पाहिलेलं नाही. पण पुढे मी किती विड्या ओढल्या आणि फायरमनशी बायकोबद्दल काय बोललो, ते मी घरी पोचायच्या आत त्याच्या बहिणीला कळलेलं असतं. डिझेल आलं असतं तर बरं झालं असतं, असं कधी कधी वाटतं. पण हेही मी इंजिनावर बोलत नाही.