नवसाच्या बैठका

रिह्याच्या शाळेवर मी मास्तर म्हणून रुजू झालो, त्या दिवशी गावानं मला पाणी विचारलं, गाव विचारलं, जात विचारली. गेनबानं यातलं काहीच विचारलं नाही. मारुतीच्या देवळासमोर वाट अडवून तो म्हणाला, "मास्तर, मांड्या दावा."

मी पुण्याच्या पेठेत वाढलेला. भर रस्त्यात धोतर वर घेण्याचा प्रसंग तोवर आला नव्हता. पण समोरचं धूड बघून मी मुकाट्यानं ते गुडघ्यावर उचललं. गेनबानं वाकून पाहणी केली आणि मान हलवली. "ह्या मांड्या न्हाईत, शेवग्याच्या शेंगा हायेत. पोरं तुमाला भ्यायाची कशी?"

खाली मुळशीकडे धरणाची भिंत बांधली जात होती, त्या वर्षांतली ही गोष्ट. गेनबा तेव्हा पन्नाशीचा होता. बायको नाही, पोर नाही, भाऊबंद नाहीत; वीस-पंचवीस शेरडं आणि बैठका, एवढाच त्याचा संसार. पहाटे देवळामागच्या तालमीत तो हजार बैठका मारी. आठशे-नऊशेवर कुणी हाक मारली, की आकडा चुकला म्हणून पुन्हा एकपासून सुरुवात. त्यामुळे त्या वेळी देवळाच्या आसपास माणसं खोकतसुद्धा नसत.

वेळही तो बैठकांतच सांगे. भात शिजायला पाचशे बैठका. पिरंगुटला जाऊन यायला पाच हजार. शाळेत घड्याळ नव्हतं, तर एकदा खिडकीतून डोकावून मला म्हणतो, "मास्तर, दोन हजार बैठका झाल्या, पोरं पाढेच म्हनत्यात. सोडा की आता!"

मलाही त्यानं तालमीत ओढलं. बावीस बैठका मारल्या आणि पुढचे तीन दिवस मी शाळेच्या पायऱ्या उलटा उतरलो. "ह्यात तुम्हाला सुख काय मिळतं?" मी कळवळून विचारलं. गेनबा मांडी चोळत म्हणाला, "पयल्या शंभरात अंग कुरकुरतं, मास्तर. मंग मन कुरकुरतं. तीनशेच्या म्होरं दोगंबी गप बसत्यात. मंग मी नसतोच तितं. लई बरं वाटतं."

आता रिह्याची एक रीत सांगायला हवी. तिथल्या मारुतीला नारळाचं कौतुक नाही. त्याला नवस बोलायचा तो बैठकांचा. म्हैस नीट व्याली तर एकशे एक, सून नांदायला परतली तर पाचशे. बोलताना जीभ सैल सुटे आणि काम झालं की मांड्या आठवत. मग लोक गेनबाकडे येत. गेनबा कधी नाही म्हणाला नाही. नवस बोलणाऱ्याला शेजारी उभं करायचं, देवाला मोठ्यानं सांगायचं, "ह्या सोनाबाईच्या म्हशीच्या, बरं का!" आणि सुरू. मोबदला म्हणून गुळाचा खडा. तोही निम्मा शेरडांना जाई.

मी येण्याच्या कितीतरी आधीपासून, अशी एकूण तीस वर्षं हे चाललं. साऱ्या गावाचे नवस फिटले आणि गेनबाचे गुडघे गेले. तो चालू लागला की वाळक्या काटक्या मोडल्यासारखा आवाज येई. लग्नाच्या पंगतीत त्याला मांडी घालता येईना, म्हणून मांडवाच्या मेढीला टेकून तो उभ्यानं जेवायचा आणि वर सांगायचा, "उभ्यानं जास्त मावतं." अखेर उरवड्याच्या हाडवैद्यानं गुडघे चाचपून तंबी दिली, "गेनबा, आता बैठका बंद. न्हाईतर एक दिस खाली बसशील तो उठायचा न्हाईस."

शेरडांमागं डोंगर चढणाऱ्याचे पाय गेले, तर त्यानं खायचं काय? गेनबा घाबरला. त्यानं लंगोट देवळाच्या खुंटीला टांगला, गावानंही त्याला नवस सांगणं सोडलं.

त्याच सुमारास मला विषमज्वरानं धरलं. एकवीस दिवस मी खोलीत पडून होतो. पुण्याहून आई आली. देवळाच्या गुरवानं औषधासाठी धावपळ केली. कुणाच्या घरून तांदळाची पेज आली, कुणाचं दूध. ताप उतरला तेव्हा गावातलं झाडून सगळं माणूस भेटून गेलं, एक गेनबा सोडून. मला फार लागलं. लोकांच्या म्हशींसाठी राबणाऱ्या माणसाला माझी चौकशी करायलाही सवड नसावी? आठवडाभर मी मनात त्याला नाही नाही ते बोललो.

शेवटी काठी टेकत मीच त्याच्या खोपटात गेलो. गेनबा घोंगडीवर आडवा पडला होता. दोन्ही गुडघे सुजून भोपळ्याएवढे, त्यांवर एरंडाची पानं बांधलेली. शेरडं गुरवाच्या दारात बांधली होती.

"मास्तर, उठलात व्हय!" त्याचा चेहरा खुलला आणि लगेच पडला. "चारशे ऱ्हायल्या बगा."

"कसल्या चारशे?"

"नवसाच्या. पाच हजार बोललो हुतो. चार हजार सहाशे झाल्या आन् गुडघ्यानं दगा दिला."

"पण कुणाचा नवस घेतलात? वैद्यानं सांगितलं होतं ना?" माझा आवाज चढला.

गेनबा आढ्याकडे बघू लागला. "कुनाचा न्हाई. माजाच. आजवर लोकांच्या म्हशी, लोकांची पोरं, लोकांच्या सुना. मारुती मला तीस वर्सं वळखतोय, पर माजं म्हून काय मागाया गेलोच न्हाई. मागायचं कुनासाटी? तुमी पडला, तवा म्हनलं, चला, आपल्याबी घरचं कुनीतरी आजारी पडलं."

आठवडाभर ज्याला मी शिव्या दिल्या, तो माझ्यापायी स्वतःचे पाय मोडून बसला होता, आणि मला कळू नये म्हणून त्यानं गावालाही गप्प बसवलं होतं. मी त्याचे ते धोंड्यासारखे पाय धरले आणि रडलो. तो मात्र "फिटायचं कसं आता?" एवढंच पुटपुटत होता. पायांपेक्षा त्या चारशेंची काळजी त्याला खात होती.

महिन्याभरानं तो काठी घेऊन उभा राहिला. डोंगर कायमचा सुटला, शेरडं ओढ्याकाठीच चरू लागली. तेव्हा मी त्याला हाताला धरून देवळात नेलं, धोतराचा काचा मारला आणि मारुतीसमोर उभा राहिलो. पहिल्या दिवशी पाच झाल्या. गेनबा खांबाला टेकून मोजत होता आणि माझ्या प्रत्येक बैठकीला स्वतःच "हं!" करून जोर लावत होता. पुढे दहा झाल्या, मग पंधरा. गाव बघायला येई, हसे. हसता हसता एखादी बाई मला गूळही देऊन जाई. त्या चारशे बैठका मला दीड महिना पुरल्या. आज म्हातारपणी मी चार मैल चालतो, ते त्या चारशेच्या जोरावर.

शेवटची बैठक मारून मी घामानं निथळत उभा राहिलो. गेनबानं मारुतीला हात जोडले, उपरण्यानं डोळे टिपले आणि माझ्याकडे वळून दम भरला, "बैठका तुमच्या असतील, मास्तर. पर नवस माजा हाय. त्यो कुनाला देनार न्हाई."