ऐकताना बोलू नये

माणसाला कान दोन आणि तोंड एक मिळालं आहे, यावरून निसर्गाचा कल कुणीकडे आहे ते स्पष्ट होतं. (पंजाबातल्या आमच्या मोग्यात निसर्गाचं फारसं चालत नाही.) आमच्या 'उंच उडान' इंग्रजी केंद्राचं मात्र चालतं. तिथल्या प्रौढांच्या ऐकण्याच्या वर्गाचं निरीक्षण करायला मुख्य शाखेनं मला धाडलं. शेवटच्या बाकावर बसायचं आणि तोंड उघडायचं नाही, हे माझं काम. ते मी वर्षानुवर्षं चोख करत आलोय.

संधू सरांनी टेप लावली. कुणा गोऱ्या साहेबाची हिरवी छत्री हरवली होती. बायकोच्या तीन हाकांना ओ न देणारे सरदारजी त्या छत्रीसाठी जिवाचा कान करून बसले. सरांचे नियम दोनच: टेप एकदाच वाजते, आणि ऐकताना बोलायचं नाही.

वर्गात मुख्तियार कौर नावाच्या साठी उलटलेल्या बाई होत्या. मुलगा ब्रॅम्प्टनला, सात वर्षांची नात जपलीन इंग्रजीशिवाय बोलेना, तिच्याशी चार शब्द बोलता यावेत म्हणून त्या आलेल्या. (हे केंद्राच्या उद्दिष्टांत बसत नाही, तरी मोठ्या मनानं प्रवेश दिला होता.)

इतक्यात त्यांचा फोन वाजला.

"सर, नात आहे हो! शाळेला निघण्याआधी करते."

"अहो बीबीजी, स्पीकरवर टाका! अस्सल कॅनडाचा आवाज, तोही घरबसल्या! चला, पेनं काढा सगळ्यांनी!"

पोरगी हुंदके देत भराभरा बोलत होती. वर्गात कुणी खोकलंसुद्धा नाही. मुख्तियार कौरनी तोंड उघडलं, तशी सरांनी ओठांवर बोट ठेवलं. पलीकडून दोनदा "दादी? दादी?" आलं. (हे पंजाबीत असल्यानं त्याला गुण नव्हते.) मग फोन बंद झाला.

लगेच उत्तरं तपासली. मुलगी कुठे आहे? जिन्याखाली लपली आहे. कशाला घाबरते? शाळेच्या बसला. का? शेजारी कुणी बसत नाही. तिला काय हवं आहे? दादीनं काहीतरी बोलावं.

मुख्तियार कौरना पैकीच्या पैकी. टाळ्यांचा नुसता कडकडाट!

"बीबी, आता जिलेबी पाहिजे!" वर्गातले एक निवृत्त फौजी ओरडले.

"घाल चुलीत तुझी जिलेबी!" बाई रडायलाच लागल्या. "सर, मला सगळं कळलं हो. पण मी बोललेच नाही!"

"बोलायचा वर्ग मंगळवारी, बीबीजी."

बाईंनी उलट फोन लावला. कुणी उचलला नाही. बस निघून गेली असणार. मला फार वाईट वाटलं. मी 'उत्कृष्ट' असा शेरा दिला.

वाचकहो, तुम्हीही शेवटच्या बाकावर बसून सारं निमूट ऐकलंत. तेव्हा दोन प्रश्न. छत्रीचा रंग कोणता होता? शाब्बास. आता, जिन्याखालच्या त्या पोरीचं नाव सांगा.

अंहं, वर बघायचं नाही. टेप एकदाच वाजते.