कोपरा पाहू द्या

राठोड मॅडमसमोर न शिवलेलं कापड नेऊ नये. नेलंत तर त्या बसा म्हणणार नाहीत, चहा विचारणार नाहीत. हात पुढं करतील आणि म्हणतील, "कोपरा पाहू द्या."

मग घडी मोडायची, चारही कोपरे एकेक करून चिमटीत धरायचे, उजेडाकडं न्यायचे. काही सापडलं नाही की का कोण जाणे, स्वारी खूश. घडी होती तशी परत. माझ्या पुतणीच्या लग्नात आहेर चालू असताना त्यांनी नवरदेवाच्या मावशीच्या हातातला ब्लाऊजपीस घेतला, कोपरे पाहिले आणि हसून परत दिला. मावशीला वाटलं, ही बाई आपल्या कापडाची किंमत काढून राहिली. मावशी न जेवता गेली. मॅडमला आमंत्रण मी दिलं होतं, त्यामुळे वहिनी ते अजून मला ऐकवते.

यवतमाळच्या आमच्या कॉलेजात त्या शिवणकला शिकवतात आणि मी कॉमर्स. मॅडम मूळच्या दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरच्या. लग्न केलं ते एका बौद्ध घरातल्या मास्तरांशी, स्वतःच्या मर्जीनं. भाऊ हळूहळू फोनवर बोलायला लागले, पण आईनं तोंड फिरवलं ते फिरवलंच. हे कॉलेजात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी त्यावर बोलत नाही.

आता कोपऱ्याचं सांगतो. आपल्याकडं आहेरात ब्लाऊजपीस द्यायची पद्धत आहे, आणि आलेला पीस न शिवायची पद्धत त्याहून पक्की आहे. घरोघरी कपाटात एक कप्पा असतो. आलेलं कापड त्यात जातं आणि पुढच्या लग्नाला त्यातूनच बाहेर निघतं. दारव्ह्याचा पीस वणीला जातो, वणीचा पुसदला. पोरी नांदायला जातात, त्यांना पोरी होतात, पीस आपला पिशवीतच असतो. मॅडमना हे बघवेना. त्या आपण दिलेल्या प्रत्येक पिसाच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचा बारीक टाका घालायला लागल्या. तांड्यावर आईनं शिकवलेला टाका, पाखराच्या पायासारखा. काही वर्षांनी नणंदेच्या लग्नात त्यांचाच पीस आहेर म्हणून त्यांच्याच हातात आला. प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा तीच होती.

ते कापसाचे वाईट दिवस होते. बोंडअळीतून जे वाचलं त्याला भाव नाही, लोकांच्या ओसरीत कापूस पडून. आणि लग्नात वाटायचं कापड मात्र सगळं बाहेरून आलेलं पॉलिस्टर. मॅडमचा सिद्धांत असा की, "ज्या वर्षी कापूस पडते, त्या वर्षी आहेर जास्त फिरते." नवीन घ्यायची ऐपत नसली की कप्प्यातलंच बाहेर निघतं, हा त्यांचा हिशेब.

यातून त्यांनी धंदा काढला. घरच्या कप्प्यातलं पडून असलेलं कापड आणून द्या आणि त्यातल्याच एकाची शिवलेली पिशवी घेऊन जा. बाकीच्या कापडाच्या पिशव्या, कुर्ते, उशांचे अभ्रे करून विकायचे. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत शिवणाचा एक कारखाना बंद पडला होता, तिथल्या चार बाया हाताशी घेतल्या. विद्यापीठाच्या नवउद्योग योजनेतून एक खोली आणि मशिनी मिळाल्या. पुण्याच्या एका डिझाइन स्टुडिओनं नमुने द्यायचे आणि आपल्या दुकानात माल ठेवायचा, असं ठरलं. सगळं एका वर्षासाठी. वर्षाच्या शेवटी स्टुडिओची बाई येऊन पाहणार. तिला पटलं तर पुढं चालू, नाहीतर खोली जिमखान्याला, मशिनी विद्यापीठाला आणि बाया आपापल्या घरी. या भागीदारीचा समन्वयक म्हणून मला नेमलं. म्हणजे काम त्यांचं आणि बोलणी खायला मी.

वर्ष सरलं आणि स्टुडिओची तन्वी आली. साधी, हसरी पोरगी. प्राचार्यांनी सत्कार ठेवला. शाल, नारळ आणि अर्थातच ब्लाऊजपीस. तन्वी तो पिशवीत ठेवणार, तोच राठोड मॅडमचा हात पुढं आला.

मी खुणेनं नको नको म्हणत होतो. पण कोपरा उजेडाकडं गेला होता.

"सर," त्या प्राचार्यांना म्हणाल्या, "हा तं म्या तुमच्या पोराच्या, राजूच्या लग्नात देल्ला होता."

चारही बायांनी तोंडाला पदर लावला. प्राचार्य तन्वीच्या हातातल्या नारळाकडं असे पाहत राहिले, जणू ही सगळी चूक नारळाची होती. मला वाटलं, संपलं. उद्यापासून या खोलीत कॅरम.

पण तन्वी पोट धरून हसली. तिनं तो टाका पाहिला, बोटानं चाचपला, त्याचा फोटो काढला. मग म्हणाली, प्रत्येक पिशवीवर, प्रत्येक कुर्त्यावर हाच टाका घालू या. हीच तुमची खूण. लोकांना सांगता येईल की हे कापड कुठून कुठं फिरलं. हे जमलं तर मी पुण्यात जाऊन दोन वर्षांचं मागते.

मी मान डोलवायला लागलोच होतो.

"हा टाका नाई," मॅडम म्हणाल्या. "दुसरा कोणताबी घाला. हा नाई."

तन्वीनं परोपरीनं समजावलं. ही गोष्ट या टाक्याचीच आहे, तो नसला तर आमची माणसं म्हणतील की अशा पिशव्या गल्लोगल्ली मिळतात. मॅडम ढिम्म. तन्वीचं हसू कमी झालं. मग मला पुण्यात विचारून कळवावं लागेल, असं म्हणून ती पाणी प्यायला लागली. विचारून कळवणं म्हणजे काय, हे आम्हा सरकारी कॉलेजवाल्यांना कोणी शिकवायला नको.

मी मॅडमना व्हरांड्यात बोलावलं. माझं डोकं फिरलं होतं आणि ते मी लपवलं नाही. एका टाक्यापायी चार बायांचं काम घालवता का, असं जरा मोठ्यानंच विचारलं.

त्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. मग सांगायला लागल्या. धाकट्या भावाचं लग्न होतं, त्याच पडत्या कापसाच्या वर्षात. त्यांना बोलावणं नव्हतं. त्यांनी चुलतभावाच्या हाती याडीसाठी, म्हणजे आईसाठी, एक पीस पाठवला. पोपटी, सुती. कोपऱ्यात तिचाच टाका. नाव सांगू नको म्हणाल्या. टाका पाहून याडी ओळखणारच होती.

"म्या देल्लेले बाकीचे समदे पीस कुठं ना कुठं सापडले, सर. एक पुसदले निघाला, एक तं तुमच्या पुतणीच्या लग्नाच्या आधी आर्णीत निघाला. तो पोपटी नाई निघाला."

कोणीही म्हणेल तेच मी म्हणालो. हरवला असेल.

"आपल्याइकडं आहेर हरवते काय?" मॅडम म्हणाल्या. "हरवला असता तं कोणाच्या तरी लग्नात निघाला असता. तो त्या घरातून बाहेरच नाई आला. याडीनं शिवला." पदर सावरत म्हणाल्या, "आता हाच टाका पिशवी-पिशवीवर गेला, तं पोपटी कापडावर दिसलेला टाका याडीच्या पिसाचा का आपल्या खोलीतला, हे मले कसं समजन?"

इतकी वर्षं मी समजत होतो, ही बाई काहीतरी शोधत फिरते. त्या तो पीस सापडू नये म्हणून फिरत होत्या. प्रत्येक मांडवात, प्रत्येक कोपऱ्यापाशी तो निघेल ही भीती, आणि निळा टाका नाही दिसला की आणखी एका लग्नापुरती आई आपली. मला फार वाईट वाटलं. आपण मघाशी ओरडलो याचंही वाटलं.

मी आत गेलो आणि तन्वीला आहे ते सगळं सांगितलं. सजवायला मला येत नाही. तिनं तो सत्काराचा पीस नीट घडी घालून पिशवीत ठेवला. मग उठून बायांपाशी गेली आणि तुम्ही सांगा कोणता टाका घालायचा म्हणाली. चौघींची वादावादी होऊन लाल दोऱ्याची फुली ठरली. खोली अजून आमच्याकडं आहे, जिमखान्याची पोरं बाहेर व्हरांड्यात कॅरम खेळतात. प्राचार्य आता सत्काराला आमच्याच पिशव्या देतात, आणि देण्याआधी स्वतः कोपरे पाहून घेतात.

मलाही ती खोड लागली. लग्नाहून आलो की आहेराची पिशवी बायकोच्या आधी मी उघडतो. ती विचारते, एवढं काय शोधून राहिले? मी म्हणतो, काही नाही.

पोपटी सुती निघालाच, तर काय करायचं ते मी ठरवून ठेवलंय. घरात ठेवायचा नाही, पुढं कोणाला द्यायचा तर नाहीच. त्याच दिवशी चौकातल्या शिंप्याकडं नेऊन बायकोचा ब्लाऊज शिवून घ्यायचा. तिला पोपटी रंग मुळीच आवडत नाही. घालावा लागेल.